शब्द शेवटच्या रांगेपर्यंत
(सुरत येथे महाजन-कुटुंबांच्या मेळाव्यात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



१९०७ सालच्या डिसेंबर महिन्याच्या २६ तारखेस याच सुरत शहरात, तापीकाठच्या फ्रेंच गार्डनमध्ये उभारलेल्या मंडपात, राष्ट्रीय सभेचे अधिवेशन भरले. हजारो प्रतिनिधी व प्रेक्षक दाटीवाटीने बसले होते. नियोजित अध्यक्ष डॉ. रासबिहारी घोष यांच्या नावाच्या सूचनेस अनुमोदन देण्यासाठी सुरेंद्रनाथ बॅनर्जी उभे राहिले. भारदस्त आवाजाचे वक्ते म्हणून त्यांची ख्याती देशभर होती. परंतु त्या गोंगाटात त्यांचेही भाषण पुढे सरकेना आणि सभा तहकूब करावी लागली. दुसऱ्या दिवशी लोकमान्य टिळक व्यासपीठावर जाऊन उभे राहिले, जोडा फेकला गेला, खुर्च्यांची फेकाफेक झाली आणि जहाल व मवाळ यांची फारकत झाली. त्या फुटीची कारणे राजकीय होती. ध्वनिवर्धक असता तर ती टळली असती, असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. तथापि एवढे खरे की, त्या मंडपात कोणी काय म्हटले हे मागच्या माणसांना कानांपेक्षा डोळ्यांनीच अधिक कळले असावे.

पुढे सुमारे ३० वर्षांनी, १९३८ सालच्या फेब्रुवारीत, याच सुरत जिल्ह्यात आणि याच तापीच्या काठी, हरिपुरा येथे सुभाषचंद्र बोस यांच्या अध्यक्षतेखाली अधिवेशन भरले. मधल्या काळात जग बदलले होते. १९१५ साली अमेरिकेतील कॅलिफोर्निया प्रांतात पीटर जेन्सन व एडविन प्रिडम या दोघांनी विजेच्या बळावर बोलणारा कर्णा लोकांसमोर आणला आणि त्यास ‘मॅग्नाव्हॉक्स’ असे नाव दिले. लॅटिन भाषेत त्याचा अर्थ ‘मोठा आवाज’. पोर्तुगीज भाषेत याच वस्तूस ‘आल्तु-फालांत’ म्हणतात, म्हणजे उंच बोलणारा. इंग्रजी ‘लाउडस्पीकर’चाही अर्थ तोच. तिन्ही नावांत आवाजाच्या मोठेपणाचा गौरव आहे. शब्दांच्या स्पष्टतेचा उल्लेख एकातही नाही. आजच्या विषयाचे मर्म नेमके येथे आहे.

देवस्थानाच्या उत्सवात ध्वनिवर्धक आता नवा राहिलेला नाही. सभामंडपात कीर्तन असो, पुराण असो, भटजींचे गाऱ्हाणे असो की जत्रेतले नाटक असो, मायक्रोफोन आणि पेट्या असतातच. आणि तरीही शेवटच्या रांगेत भिंतीला टेकून बसलेल्या वृद्ध माणसास विचारले, की ठरलेले उत्तर येते: “आवाज येतो, पण शब्द कळत नाहीत.” हे उत्तर ऐकून मागे उभा असलेला उत्साही तरुण काय करतो? तो आवाज आणखी वाढवतो. मग पुढच्या रांगेतली मुले कानांवर हात ठेवतात आणि मागच्या वृद्धास शब्द तेवढेच कळतात, म्हणजे जवळजवळ कळतच नाहीत. रोग एक आणि औषध दुसरेच, असा हा प्रकार आहे.

सुरत शहरात या गोष्टीस एक वेगळे महत्त्व आहे. नंदुरबार, धुळे, जळगाव या भागांतून ताप्ती मार्गाच्या रेल्वेने आलेली मराठी माणसे लिंबायत, उधना, डिंडोली या वस्त्यांतून स्थायिक झाली. त्यांतील अनेकांचे आयुष्य यंत्रमागाच्या खात्यात गेले. यंत्रमागांचा आवाज ९० डेसिबेलच्या पुढे जातो. आरोग्यशास्त्राचा साधा हिशेब असा: ८५ डेसिबेल आवाजात दिवसाला ८ तास काढता येतात. पुढे दर ३ डेसिबेलगणिक तो काळ निम्मा होतो. ८८ ला ४ तास, ९१ ला २ तास, ९४ ला १ तास आणि १०० ला अवघी १५ मिनिटे. जो विणकर वर्षानुवर्षे आठ-बारा तास मागावर उभा राहिला, त्याच्या आंतरकर्णातील सूक्ष्म केशपेशी मरत जातात आणि एकदा मेलेल्या त्या पेशी पुन्हा उगवत नाहीत. विशेष असे, की हे नुकसान सर्व स्वरांत सारखे होत नाही. ते प्रथम दर सेकंदास ३,००० ते ६,००० कंपने, आणि त्यातही ४,००० च्या आसपास, या पट्ट्यात होते. वार्धक्यानेही कान वरच्या बाजूनेच मंद होत जातात.

आता मराठी बोलण्याची घडण पाहावी. अ, आ, ओ हे स्वर म्हणजे आवाजाचे बळ. त्यांची शक्ती मुख्यत्वे १,००० कंपनांच्या खाली असते. परंतु ‘साल’ आणि ‘शाल’, ‘ताट’ आणि ‘थाट’, ‘काळ’ आणि ‘टाळ’ यांतला भेद स्वर करीत नाहीत, व्यंजने करतात. आणि स, श, त, क, ट यांचा ठसा सुमारे २,००० पासून ८,००० कंपनांपर्यंत उमटतो. त्यांची शक्ती अगदी थोडी, परंतु अर्थाचा भार त्यांच्यावर. म्हणजे मागाने आणि वयाने जो पट्टा कानातून हिरावून घेतला, तोच पट्टा शब्द ओळखण्यास लागतो. अशा श्रोत्यापर्यंत व्यंजने स्वच्छ पोहोचवणे हे काम पेटीतल्या मोठ्या वूफरचे नव्हे. ते काम वरच्या लहानशा ड्रायव्हरचे आहे. आणि घरी अगर सुताराकडून पेट्या करवून घेताना सर्वांत कमी विचार होतो तो याच वस्तूचा.

नेहमीचा क्रम असा असतो. वर्गणी जमते. प्रथम १५ इंची वूफर घेतले जातात, कारण ते डोळ्यांत भरतात. मग मोठ्या वॅटचा अॅम्प्लिफायर येतो. मग सुतार प्लायवूडच्या पेट्या करतो. शेवटी उरलेल्या पैशांत ‘वर काहीतरी’ बसवायचे म्हणून दोन-चार पिझो ट्विटर लावले जातात. लग्नात सर्व खर्च मांडवावर करून भटजी ऐन वेळी शोधावा, त्यातला हा प्रकार. वास्तविक क्रम उलटा हवा. प्रथम वरचा ड्रायव्हर व त्याचा हॉर्न निश्चित करावा, तो जेथवर खाली उतरू शकतो तेथे त्यास भेटेल असा वूफर निवडावा आणि अॅम्प्लिफायर शेवटी घ्यावा.

असे का, हे समजण्यास ध्वनीच्या लांबीचा हिशेब पाहावा लागतो. ध्वनी हवेतून सेकंदास सुमारे ३४४ मीटर जातो. १०० कंपनांच्या स्वराची लाट ३.४४ मीटर लांब असते, १,००० ची ३४ सेंटिमीटर आणि १०,००० ची साडेतीन सेंटिमीटरही भरत नाही. स्पीकरचा पडदा लाटेच्या मानाने लहान असतो तोवर ध्वनी सर्व बाजूंस पसरतो. पडदा लाटेएवढा झाला की ध्वनी विजेरीच्या झोतासारखा समोरच जाऊ लागतो. १५ इंची वूफरचा हलणारा भाग सुमारे ३३ सेंटिमीटर रुंद असतो, म्हणून तो १,००० कंपनांच्या आसपासच झोत टाकू लागतो. १२ इंची वूफरची हीच स्थिती १,३०० च्या पुढे येते. आता पिझो ट्विटर ४,००० ते ५,००० च्या खाली फारसे काम करीत नाही. म्हणजे १५ इंची वूफर व पिझो यांची जोडी केली, की १,००० पासून ५,००० पर्यंतची मधली दरी एकट्या वूफरला भरून काढावी लागते. तो ती समोर बसलेल्यांपुरती थोडीफार भरतो. बाजूला बसलेल्यांच्या वाट्यास व्यंजने येतच नाहीत. वरून पिझो ‘च्छ, च्छ’ करीत राहतो, त्यामुळे आवाज तीक्ष्ण आहे असा भास होतो, परंतु शब्द सापडत नाही. तीक्ष्णपणा म्हणजे स्पष्टपणा नव्हे, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

वरच्या ड्रायव्हरांच्या जाती मुख्यतः चार. पहिली पिझो. ती स्वस्त आहे, तिला वेगळा क्रॉसओव्हर लागत नाही, कारण ती स्वतःच खालचा प्रवाह अडवते. परंतु तिचा स्वर कर्कश आणि पट्टा अपुरा. शिवाय ती विजेच्या दृष्टीने कपॅसिटरसारखी वागत असल्यामुळे काही अॅम्प्लिफायर तिच्यामुळे बिथरतात. ती लावायचीच असेल तर मालिकेत २० ते ३० ओहमचा रेझिस्टर घालावा. दुसरी जात कापडी अगर रेशमी घुमटाची. घरातल्या संगीतास ती उत्तम, परंतु एका वॅटला एक मीटरवर साधारण ९० डेसिबेलच देते आणि मांडवात तिचा दम टिकत नाही. तिसरी जात जुन्या कर्ण्याच्या ड्रायव्हर युनिटची. देवळाच्या शिखराजवळ अगर आंब्याच्या झाडावर बांधलेला भोंगा तो हाच. त्याचा जाड फेनॉलिक पडदा पाऊस-वारा सोसतो, आवाज दूर जातो, परंतु ५,०००-६,००० कंपनांच्या वर तो बहुधा मुका असतो आणि खालचा भारदस्तपणाही त्याच्यात नसतो. मिरवणुकीत सूचना देण्यास तो पुरे. कीर्तनास पुरत नाही.

चौथी जात कॉम्प्रेशन ड्रायव्हरची. १९२६ साली अमेरिकेच्या बेल प्रयोगशाळेत वेन्टे व थुरास यांनी ती सिद्ध केली. तिचे तत्त्व असे: हलका पडदा एका अरुंद कोठडीसमोर हलतो, दाबलेली हवा लहान तोंडातून बाहेर पडते आणि पुढे पसरत जाणारा हॉर्न तिला मोकळ्या हवेशी हळूहळू जुळवून देतो. यामुळे थोड्या विजेत पुष्कळ ध्वनी मिळतो. एका वॅटला एक मीटरवर सुमारे १०७ डेसिबेल ही सामान्य गोष्ट आहे, तर चांगला वूफर सुमारे ९७ देतो. मंदिराच्या कामास हीच जात घ्यावी.

परंतु याच जातीत निवड कशी करावी, हा खरा प्रश्न आहे. दुकानात प्रथम सांगितले जाते ते वॅट. ग्राहकही तेच विचारतो. तो आकडा येथे जवळजवळ निरुपयोगी आहे, हे एका हिशेबाने दिसेल. समजा, व्यासपीठापासून शेवटची रांग १६ मीटरवर आहे. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाज ६ डेसिबेल घटतो. १ मीटरपासून १६ मीटरपर्यंत चार वेळा दुप्पट होते, म्हणून घट २४ डेसिबेल. माणसांच्या कुजबुजीचा आवाज ६० धरला, तर शेवटच्या रांगेत ७५ डेसिबेल बोलणे स्पष्ट ऐकू येते. म्हणजे एक मीटरवर ९९ हवेत. बोलण्यातले अचानक उसळणारे शब्द न फाटता यावेत म्हणून आणखी १२ ठेवावेत, झाले १११. ज्याची क्षमता ९७ आहे त्या वूफरला त्यासाठी सुमारे २५ वॅट लागतात. ज्याची १०७ आहे त्या हॉर्नला अवघे अडीच! मग त्या ड्रायव्हरवर ४० वॅट लिहिले आहे की ८०, याने काय फरक पडतो? आणि १०० वॅटचा साधा अॅम्प्लिफायर जेथे पुरून उरतो, तेथे हजारो वॅटांची वर्गणी कशासाठी?

वॅटऐवजी पाच गोष्टी विचाराव्यात. पहिली, ड्रायव्हर किती खाली उतरतो. उत्पादकाने दिलेल्या कागदावर क्रॉसओव्हरची किमान कंपनसंख्या छापलेली असते. हा सर्वांत मोलाचा आकडा. व्हॉइस कॉइलच्या व्यासावरूनही त्याचा अंदाज येतो. २५ मिलिमीटर कॉइलचे लहान ड्रायव्हर बहुधा २,५०० च्या वरच वापरावेत. ३४ मिलिमीटरचे सुमारे २,००० पर्यंत आणि ४४ मिलिमीटरचे सुमारे १,५०० पर्यंत उतरतात. ७५ मिलिमीटरचे मोठे ड्रायव्हर १,००० च्या आसपास घेता येतात, परंतु ते महाग व जड असतात. ४४ मिलिमीटर कॉइल, एक इंची तोंड आणि जोडीला १२ इंची वूफर, हा मध्यम सभामंडपासाठी समतोल योग आहे.

दुसरी गोष्ट, पडदा कशाचा. टायटॅनियमचा पडदा कडक व झळाळत्या स्वराचा असतो, परंतु अतिश्रमाने त्यास तडा जाऊ शकतो. पॉलिएस्टरचा पडदा हलका व मऊ स्वराचा. फेनॉलिक सोशीक, पण वरच्या टोकास मंद. बोलण्यासाठी पॉलिएस्टर अगर चांगला टायटॅनियम, दोन्ही चालतील. नावापेक्षा कानावर भरवसा ठेवावा.

तिसरी गोष्ट, हॉर्न. ड्रायव्हर हा गळा आणि हॉर्न हे तोंड. गळा उत्तम आणि तोंड वाकडे, तर काय उपयोग? हॉर्नवर ९० अंश रुंद व ४० अंश उंच असे माप लिहिलेले असते. परंतु हे माप केवळ एका मर्यादेच्या वर खरे असते. ती मर्यादा काढण्यास सोपा नियम आहे. दहा लक्षास अंशांनी भागावे आणि पुन्हा हॉर्नच्या तोंडाच्या इंचांनी भागावे. तोंड १० इंच रुंद व कोन ९० अंश असेल तर उत्तर सुमारे १,१०० येते, म्हणजे आडवा पसारा तेथपासून ताब्यात राहतो. परंतु उंची ६ इंच व कोन ४० अंश असेल तर उत्तर ४,१०० च्या पुढे जाते. त्याखाली ध्वनी वर छताकडे व खाली फरशीकडे सांडतो. मंदिराचा मंडप म्हणजे संगमरवर, लादी आणि गिलाव्याच्या भिंती. तेथे छतावर सांडलेला ध्वनी परत येऊन पुढच्या शब्दावर बसतो. म्हणून जागा असेल तेवढा उंच-रुंद तोंडाचा हॉर्न घ्यावा. हाताच्या पंजाएवढा प्लॅस्टिकचा हॉर्न चांगल्या ड्रायव्हरलाही लाज आणतो.

चौथी गोष्ट, जोडणी. काही ड्रायव्हर आट्यांनी बसतात, काही बोल्टांनी. दोघांच्या तोंडांचे माप एक असले पाहिजे. गळ्याशी पायरी राहिली की स्वर खडबडीत होतो. पाचवी गोष्ट, सुटा पडदा सुरतेच्या बाजारात मिळतो की नाही. उत्सवाच्या दुसऱ्या दिवशी पडदा गेला, तर परदेशी नाव उपयोगी पडत नाही. नेहमी मिळणारा व एक जादा पडदा कपाटात ठेवलेला ड्रायव्हरच खरा उपयोगी.

आता क्रॉसओव्हर. कित्येक घरगुती पेट्यांत हॉर्नच्या मालिकेत केवळ एक कपॅसिटर असतो, ज्यास बाजारात कंडेन्सर म्हणतात. ८ ओहमच्या ड्रायव्हरला १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावला, की २,००० च्या आसपास काप सुरू होतो. परंतु तो काप फार मंद असतो, दर सप्तकास ६ डेसिबेल. कंपनसंख्या उतरेल तसे पडद्याला अधिक मागेपुढे व्हावे लागते, आणि हॉर्नची पकड सुटली की तो मोकाट हलतो. त्यामुळे मृदंगाच्या एका थापेने पडदा फाटू शकतो. निदान १२ डेसिबेलचा काप हवा. २,००० कंपनांसाठी ८ ओहमला मालिकेत ७ मायक्रोफॅरड आणि समांतर ०.९ मिलिहेन्री, हा त्याचा पाया. वूफरच्या बाजूस याच मापांचे घटक उलट जागी बसतात, आणि या जातीच्या क्रॉसओव्हरमध्ये हॉर्नच्या तारा बहुधा उलट जोडाव्या लागतात. एकदा सुलट व एकदा उलट जोडून, जो स्वर मध्यभागी भरीव येईल तो ठेवावा. हॉर्न वूफरपेक्षा १० डेसिबेलने बलवान असल्यामुळे त्यास आवरावे लागते. मालिकेत साडेपाच ओहम व समांतर ३.७ ओहमचे जाड रेझिस्टर ते काम करतात. हे आवरणे राहिले, की पेटी किंचाळते आणि दोष मात्र ड्रायव्हरच्या माथी येतो. इलेक्ट्रॉनिक क्रॉसओव्हर व दोन अॅम्प्लिफायर घेण्याची ऐपत असल्यास २४ डेसिबेलचा काप सहज मिळतो, परंतु तेव्हाही हॉर्नच्या मालिकेत संरक्षणासाठी एक मोठा कपॅसिटर, ४७ मायक्रोफॅरडच्या आसपासचा, ठेवणे शहाणपणाचे.

आणखी एक गैरसमज दूर होणे आवश्यक आहे. ट्विटर जळला की “अॅम्प्लिफायर फार मोठा होता” असे म्हटले जाते. पुष्कळदा कारण उलट असते. लहान अॅम्प्लिफायर मर्यादेपलीकडे ताणला, की लाटेचे माथे सपाट होतात आणि त्या सपाटीतून वरच्या कंपनांचा अनैसर्गिक पूर हॉर्नकडे जातो. तांबडा दिवा लुकलुकू लागला, की तो विजेचा नव्हे, विनाशाचा दिवा समजावा.

पेटी कशी ठेवावी, हाही निवडीचाच भाग. हॉर्न बसलेल्या माणसांच्या कानांपेक्षा वर असावा आणि किंचित खाली वाकलेला असावा, म्हणजे त्याचा रोख शेवटच्या रांगेवर येतो आणि पहिली रांग झोताच्या खाली राहते. मंडप लांब असेल तर पुढची पेटी ओरडत ठेवण्यापेक्षा मध्यावर दुसरी लहान पेटी लावावी. मात्र दोन पेट्यांच्या अंतरांतला फरक १७ मीटरच्या घरात गेला, की एकच शब्द सेकंदाच्या विसाव्या भागाच्या अंतराने दोनदा ऐकू येतो आणि गोंधळ होतो. तेथे मागच्या पेटीला तेवढा विलंब देणारे यंत्र लागते. सुरतेची दमट हवा, समुद्राची जवळीक आणि चार महिन्यांचा पाऊस लक्षात घेऊन प्लायवूड पाण्यात न सुटणारे घ्यावे. २००६ सालच्या ऑगस्टमधील तापीचा पूर ज्यांनी पाहिला, त्यांना पेट्या तळमजल्यावर ठेवू नयेत हे वेगळे सांगावयास नको.

कायद्याची बाजूही समजून घेणे महाजनांचे कर्तव्य आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार ध्वनिवर्धकास लेखी परवानगी लागते. रात्री १० ते सकाळी ६ या वेळात उघड्यावर तो वापरता येत नाही. उत्सवांसाठी राज्य सरकार वर्षात फार तर १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देऊ शकते. निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबेल, आणि सार्वजनिक जागेच्या सीमेवर ध्वनिवर्धकाचा आवाज त्या मर्यादेहून १० पेक्षा किंवा ७५ पेक्षा, यांतील जे कमी असेल त्यापेक्षा, अधिक असता कामा नये. रुग्णालय, शाळा व न्यायालय यांच्याभोवती १०० मीटरपर्यंतचा भाग राज्य सरकार शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करू शकते. हे आकडे पाहिल्यावर कोणास वाटेल, की मग उत्सव करावा कसा? उत्तर हॉर्नच्या रोखात आहे. ध्वनी माणसांवर टाकला आणि भिंतीपलीकडे सांडू दिला नाही, तर आतल्या वृद्धास शब्द कळतात आणि शेजारच्या आजाऱ्यास झोप लागते. या दोन गोष्टी परस्परविरुद्ध नाहीत.

शेवटी परीक्षा. पेट्या विकत घेताना अगर तयार झाल्यावर गाण्याची तबकडी लावून त्यांची परीक्षा करू नये. गाण्यात ठेका असला की कान फसतात. एका पुरुषाने व एका स्त्रीने नेहमीच्या आवाजात, कोणत्याही क्रमाने, पन्नास सुटे शब्द वाचावेत: साल, शाल, ताट, थाट, काळ, टाळ, पाट, काठ. शेवटच्या रांगेत आणि दोन्ही बाजूंच्या कोपऱ्यांत चार-पाच माणसांनी बोलणाऱ्याकडे पाठ करून बसावे, म्हणजे ओठ पाहून अर्थ लावता येणार नाही, आणि ऐकलेला शब्द कागदावर लिहावा. त्यांत एक तरी सत्तरीच्या पुढचा असावा आणि सुरतेसारख्या शहरात एक तरी जन्मभर मागावर राबलेला असावा. तरुणाचे पन्नास शब्द बरोबर आले आणि वृद्धाचे तीसच आले, तर पेटी अजून पूर्ण झालेली नाही. हॉर्नचा रोख बदलावा, क्रॉसओव्हर बदलावा, जरूर तर ड्रायव्हर बदलावा. परंतु आवाजाची मूठ फिरवू नये. ही परीक्षा फुकट आहे, अर्ध्या तासाची आहे आणि कोणत्याही छापील पत्रकापेक्षा खरी आहे.

देवस्थानाच्या महाजनांत मान-पानाचे क्रम ठरलेले असतात. पालखीस प्रथम हात कोणाचा, प्रसाद प्रथम कोणास, हे पिढ्यानपिढ्या चालत आले आहे. शब्दाच्या बाबतीत मात्र क्रम उलटा असावा. पहिल्या रांगेतल्या यजमानास काहीही केले तरी ऐकू येते. पेटी करावयाची ती शेवटच्या रांगेसाठी. ज्या आजीने लहानपणी याच गाऱ्हाण्यातून आपल्या घराण्याचे नाव ऐकले, तिला आज ते नाव पुन्हा ऐकू आले नाही, तर उत्सवाच्या रोषणाईस तिच्या दृष्टीने कितीसा अर्थ राहतो?

१९०७ साली या शहरात वक्ते मोठे होते आणि साधन नव्हते. आज साधन उदंड आहे. वर्गणीतला मोठा वाटा त्या लहानशा ड्रायव्हरला आणि त्याच्या हॉर्नला मिळावा, वॅटांची चढाओढ थांबावी आणि पुढच्या उत्सवात भिंतीला टेकून बसलेल्या माणसास कोणी विचारले, तर त्याने एवढेच म्हणावे: “शब्द कळले.”